कळवू नका, नुसते या

“पंतप्रधान घरीच आहेत हो. कोंडून ठेवलंय, एवढंच. जेवण वेळेवर देतायत म्हणे.”

मी दारात बूट काढत होते, तेव्हा हे ऐकू आलं. राऊतकाकू फोनवर काकांशी बोलत होत्या. नणंदेचं ऑपरेशन कसं झालं ते सांगावं, तसा सूर होता. फोन मान वाकडी करून खांद्यात धरलेला, समोर विळी, आणि दोन्ही हातांनी नारळ खवणं चालू. सकाळचे साडेआठ वाजले होते आणि आम्ही एका परक्या देशाच्या टोकियोतल्या दूतावासात होतो. त्या देशात पहाटे लष्करानं सत्ता हातात घेतली होती.

मला पाहून काकूंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, “ये. बंड झालंय. आधी चहा घे.”

त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. नोकरी सोडताना तसं सही करून दिलं आहे, आणि नावं गाळायची मला मुळातच सवय आहे. पॅसिफिकमधली काही बेटं, एवढं पुरे. नकाशात त्या देशाचं नाव बेटांवर मावत नाही, म्हणून समुद्रात लिहिलेलं असतं. दूतावासही त्याच मापाचा होता. एका जुन्या इमारतीचा चौथा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकाचा एक कोपरा. भिंतीवर पंतप्रधानांचा फोटो, कोपऱ्यात झेंडा, आणि झेंड्याला लागूनच काकूंची छत्री. माणसं तीन. राजदूतसाहेब, राऊतकाकू, आणि ‘बाइतो’वर, म्हणजे जपानी बोलीत अर्धवेळ कामाला, मी.

काकू मूळच्या केळव्याच्या. काकांची बँकेतून तीन वर्षांसाठी टोकियोला बदली झाली, तेव्हा त्यांच्याबरोबर आल्या. तीन वर्षांनी बँकेनं काकांना परत बोलावलं, पण तोवर काकूंना ही नोकरी लागली होती, म्हणून काकांनी बँक बदलली. नोकरीच्या मुलाखतीत तेव्हाच्या राजदूतांनी विचारलं होतं की तुम्हाला बेटांवरच्या आयुष्याची काय माहिती आहे. काकूंनी सांगितलं, नारळ कधी उतरवायचा ते कळतं आणि समुद्र कुणाचं ऐकत नाही तेही कळतं. एकोणीस वर्षांत चार राजदूत बदलले. काकू, विळी आणि छत्री होत्या तिथेच राहिल्या.

आम्ही दोघी टोकियोबाहेरच्या ग्योतोकू उपनगरात राहायचो, दोन गल्ल्या सोडून. सकाळी तोझाई लाईननं बरोबरच जायचो. गाडीत त्या काकू. इमारतीची लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली की राऊत-सान. हा नियम त्यांनीच पहिल्या दिवशी घालून दिला होता. लिफ्टमध्ये माझ्या डब्यात काय आहे ते विचारत आणि लिफ्टचं दार उघडलं की “मिस, फाईल” म्हणत.

माझं शिक्षण सगळं इंग्रजी शाळेत, ठाण्याला. मग बाबांची कावासाकीच्या कंपनीत बदली झाली आणि मी जपानी शिकले. आई-बाबा परत गेले, मी राहिले. काकूंनी मला कामाला घेतलं ते भाषांसाठी, आणि आठवड्याभरात त्यांच्या लक्षात आलं की मी फोन वाजला की प्रसाधनगृहात जाते. त्या रागावल्या नाहीत. राजदूतसाहेबांना मात्र सांगितलं, “हिला तीन भाषा येतात आणि ही तिन्हीत गप्प बसते. दूतावासाला फार चांगलं आहे.”

राजदूतसाहेब यावर मोठ्यानं हसले होते. ते आडव्या अंगाचे, सावकाश चालणारे गृहस्थ. राजकारणात यायच्या आधी त्यांच्या बेटावर मुख्याध्यापक होते. लहान देशाची एक गंमत असते, तिथे कुणी परकं नसतं. ज्या कर्नलनं बंड केलं तो सातवीत त्यांच्या वर्गात होता. त्या सकाळी साहेबांनी कर्नलची घोषणा चष्मा लावून पूर्ण वाचली आणि कागद खाली ठेवत म्हणाले, गणितात बरा होता, निबंध मात्र नेहमी घाईनं संपवायचा. मग ते खिडकीशी जाऊन बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. काकूंनी त्यांच्या टेबलावर चहा ठेवला, बशीनं झाकला, आणि मला खुणेनं बाहेर यायला सांगितलं.

दुपारपर्यंत जगाची प्रतिक्रिया यायला लागली. ईमेल, फोन, आणि दोन-तीन देशांकडून चक्क फॅक्स. मी आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या देशाबद्दलची सहानुभूती कागदावर एवढ्या जवळून पाहत होते. सगळ्यांची भाषा गुळगुळीत. कुणी चिंतेत होतं, कुणी तीव्र चिंतेत, कुणी परिस्थितीवर लक्ष ठेवून होतं. मी देशांच्या आद्याक्षरांप्रमाणे फाईल करायला घेतली, तर काकूंनी थांबवलं. त्यांनी तीन खोकी आणली आणि त्यांच्यावर जपानीत चिठ्ठ्या चिकटवल्या. जाळायचा कचरा. न जाळायचा कचरा. बाटल्या-डबे.

जपानमध्ये राहिलेल्या कुणालाही हे वर्गीकरण झोपेत येतं. काकूंनी ते परराष्ट्र धोरणाला लावलं. “लक्ष ठेवून आहोत” असं म्हणणारी पत्रं जाळायच्या खोक्यात, कारण संध्याकाळपर्यंत त्यांची राख होते. ज्यांनी पंतप्रधानांचं नाव घेऊन त्यांना सोडा असं स्पष्ट म्हटलं होतं, ती न जाळायच्या खोक्यात. ती फक्त चार होती. आणि “सर्व संबंधितांनी संयम राखावा” ही बाटल्या-डब्यांत. मी विचारलं नाही, पण माझ्या चेहऱ्यावर प्रश्न असावा. काकूंनी कपाटातून एक जुनी फाईल काढली आणि त्यातलं एक पत्र नव्या पत्राशेजारी ठेवलं. सहा-सात वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका बेटावर असाच गोंधळ झाला होता, तेव्हाचं. शब्द न् शब्द तोच. फक्त देशाचं नाव बदललेलं.

“धुऊन परत भरतात,” काकू म्हणाल्या.

एका आंतरराष्ट्रीय मंडळाचं निवेदन नऊ पानी होतं. ते काकूंनी कुठल्याच खोक्यात न टाकता दाराशी ठेवलं. जुनं कपाट किंवा गादी टाकायची असली की नगरपालिकेला फोन करून गाडी बोलवावी लागते, त्यातला हा प्रकार आहे म्हणाल्या.

शेवटचा फॅक्स चारच्या सुमाराला आला. शेजारच्या एका बेटाकडून, आमच्याहूनही लहान देश. हातानं लिहिलेला, एकच ओळ. तुमच्या घरची माणसं बरी आहेत ना? काकूंनी तो दोनदा वाचला. मला वाटलं आता कुठलं खोकं, तर त्यांनी टेबलावरची काच उचलली आणि तो खाली सरकवला. त्यानंतर साहेब दिवसातून एकदा तरी त्या टेबलाशी काहीतरी विचारायला यायचे आणि उत्तर ऐकताना खाली काचेकडे बघायचे.

चौथ्या दिवशी राजधानीतून कर्नलचा फोटो आला. गणवेशात, छातीवर बरीच पदकं. सोबत हुकूम होता की जुना फोटो उतरवून हा लावावा आणि लावल्याचं कळवावं. मला वाटलं, काकू चिडतील. त्यांनी बाही वर सारली आणि उत्तर लिहायला बसल्या. त्यांचं इंग्रजी केळव्याच्या मराठी शाळेतलं, पण टोकियोत एकोणीस वर्षं मुरलेलं. फोटो फार छान आला आहे, त्यांनी लिहिलं. मात्र भाडेकरारानुसार भिंतीत नवा खिळा ठोकण्यास घरमालकांची लेखी परवानगी लागते. ती मिळताच कळवण्यात येईल.

उलट टपाली विचारणा झाली, जुन्या खिळ्यावर का लावत नाही. काकूंनी कळवलं की जुना खिळा जुन्या चौकटीच्या वजनाचा आहे. टोकियोत भूकंप होतात, त्यामुळे नव्या चौकटीचं वजन त्याला पेलेल का हे घरमालकांनाच विचारावं लागेल. आणि त्यांनी खरंच विचारलं. घरमालक नव्वदीला टेकलेले होते. पंधरा दिवसांनी त्यांचं ब्रशनं लिहिलेलं पत्र आलं. दीड पान त्यांच्या अंगणातल्या प्लमच्या झाडाविषयी, यंदा फुलं उशिरा का आली त्याविषयी, आणि शेवटी एक ओळ, खिळ्याबद्दल विचार करतो आहे. काकूंनी माझ्याकडून त्या पत्राचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं, प्लमच्या झाडासकट, आणि राजधानीला पाठवलं.

त्यानंतर फोटोचा विषय निघाला नाही. पण दुसरा हुकूम आला, आणि त्यावर खिळ्याचा उपाय चालणारा नव्हता. राजदूतांनी राष्ट्रीय दिनानंतर तीन दिवसांच्या आत देशात परतावं, त्यांच्या जागी नवीन माणूस येईल. परत गेले तर विमानतळावरूनच नेतील, हे साहेबांना माहीत होतं. त्यांचे दोन जुने सहकारी तसेच गेले होते. तिकडे त्यांची म्हातारी बहीण होती, तिनं निरोप पाठवला होता की माझ्यासाठी येऊ नकोस, मला तुझी कटकट नको.

इथल्या जपानी परराष्ट्र मंत्रालयातले एक अधिकारी मधूनमधून यायचे. चाळिशीचे, किरकोळ, अतिशय सौम्य. ते त्या आठवड्यात आले, काकूंनी दिलेली ओल्या नारळाची वडी खाल्ली आणि निघताना बूट घालता घालता म्हणाले, राष्ट्रीय दिन जवळ आला ना. त्या दिवशी कोण कोण येतं, ते आम्हीही बघू.

दार लागल्यावर काकूंनी मला त्याचा अर्थ सांगितला. बाकीचे देश साहेबांना अजून राजदूत मानतात का, हे त्या एका दिवशी उघड दिसणार होतं. मानत असले तर इथलं सरकारही मानेल आणि साहेबांना राहता येईल. कुणी फिरकलंच नाही तर मग कुणाच्या हातात काही राहणार नाही. “लग्नाला कोण आलं यावरच ठरतं गं सगळं,” काकू म्हणाल्या. “भांडण कुणाचं कुणाशी आहे ते नंतर.”

आता माझी चूक. ती सांगितल्याशिवाय काकू कळायच्या नाहीत.

आमंत्रणाची कार्डं मी तयार करायची होती. दरवर्षीचा नमुना होताच. काकूंनी जाताजाता सांगितलं, खालची ती ‘येणार का ते कळवा’वाली आर.एस.व्ही.पी.ची ओळ काढून टाक. मी मान हलवली. पण माझ्या शाळेत आम्हाला पत्रलेखनात पक्कं शिकवलं होतं की ज्या आमंत्रणावर ही ओळ नाही ते असभ्य. मला वाटलं, काकू घाईत आहेत, चुकून बोलल्या. आणि विचारायचं कसं? मी ती ओळ ठेवली. नीट मध्यभागी आणली, वर ठसठशीत केली, आणि चाळीस कार्डं पोस्टात टाकून आले.

आठवड्याभरात उत्तरं आली. सगळी सभ्य. सद्यःस्थितीत कळवता येत नाही. वरिष्ठांचा सल्ला घेत आहोत. निश्चित सांगणे शक्य नसल्याबद्दल दिलगीर आहोत. बावीस पत्रं, सगळी जाळायच्या खोक्यातली. काकूंनी त्यातलं एक उलटंपालटं केलं, मग माझ्या संगणकातलं कार्ड उघडायला सांगितलं. ती ओळ मध्यभागी उभी होती. मला त्या क्षणी चौथ्या मजल्यावरून जिन्यानं पळत सुटावंसं वाटलं.

काकू हसल्या. आधी हळू, मग खुर्चीचा हात धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. साहेब आतून बघायला आले. काकूंनी त्यांना सांगितलं की काही नाही, आमची मिस फार चांगल्या शाळेत गेलेली आहे.

मग मला समोर बसवून समजावलं. प्रश्न कागदावर विचारला की माणसाला उत्तर कागदावर द्यावं लागतं. कागदावर उत्तर द्यायचं तर त्याला त्याच्या राजधानीला विचारावं लागतं. राजधानीला विचारलं की राजधानी थांबा म्हणते. त्यात त्या माणसाचा दोष नाही. केळव्याला काय करतात? दारोदार जाऊन तोंडानं बोलावतात. घर बंद असलं तर उंबऱ्यावर अक्षता ठेवून यायचं. येणार का असं कधी विचारायचं नाही. ज्याला यायचंय तो येतो, ज्याला नाही त्याला खोटं बोलावं लागत नाही.

“पण मी आता चाळीस जणांना विचारून बसले,” मी म्हणाले. बहुधा महिन्याभरातलं माझं सर्वांत लांब वाक्य.

“मग आता जाऊन सांगू, विचारलं ते विसरा.”

पुढचे नऊ दिवस आम्ही टोकियोभर हिंडलो. काकूंच्या पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, अंगावर इस्त्रीचा कुर्ता, अंबाड्यात पेन्सिल, आणि पिशवीत वड्यांचे स्टीलचे डबे. माझ्या पिशवीत आणखी डबे. अक्षतांचं कुणाला काय समजावणार, म्हणून वड्या. प्रत्येक दूतावासाच्या दाराशी पहारेकऱ्यापासून सुरुवात. काकू पहारेकऱ्याला आधी वडी द्यायच्या, मग नाव सांगायच्या. आतून कुणी दुय्यम सचिव यायचा, ओशाळलेला, तोंडात तयार वाक्य घेऊन. काकू त्याला ते बोलूच द्यायच्या नाहीत. मुलं कुठल्या शाळेत जातात, बायकोला थंडी सोसते का, आईला इकडे आणलं का. सगळं विचारून झालं की दिवस, वेळ आणि जागा सांगायच्या, आणि लगेच हात वर करायच्या.

“उत्तर नको. कळवू नका, नुसते या.”

एका मोठ्या देशाचा सचिव तर फाटकाच्या आतच उभा राहिला. तरुण होता, कान लाल झालेले. म्हणाला, मॅडम, मला तुमच्याकडून काहीही स्वीकारता येणार नाही, स्वीकारलं तर नोंद करावी लागेल. काकूंनी लगेच डबा मिटला. मग फाटकाच्या गजांतून त्याच्याशी हवेबद्दल बोलत राहिल्या. येत्या शनिवारी ऊन पडेल म्हणतात. आमच्याकडे ग्योतोकूला पाणपक्ष्यांचं अभयारण्य आहे, दुपारी दोनला पक्षी फार छान दिसतात. तिथून नागरी सभागृह चालत जाण्यासारखं आहे. बोलता बोलता डबा उघडा झाला आणि गजांतून एक वडी आत गेली. त्यानं ती नोंद न करता खाल्ली.

मंत्रालयातही गेलो. त्या सौम्य अधिकाऱ्यांनी नेहमीप्रमाणे उभं राहून, वाकून, सगळं ऐकून घेतलं आणि हो किंवा नाही यातलं काहीही न म्हणता वडीचा कागद घडी करून खिशात ठेवला.

सभागृह ग्योतोकूचं का, तेही सांगायला हवं. दरवर्षी हा समारंभ एका हॉटेलात व्हायचा. यंदा हॉटेलच्या अर्जात ‘यजमान सरकारचे नाव’ असा रकाना होता आणि त्यात काय लिहायचं यावर आम्ही दोन दिवस अडलो. ग्योतोकूच्या नागरी सभागृहाच्या अर्जात फक्त एवढंच होतं: रहिवाशाचं नाव, खुर्च्या किती, आवाज होणार का, आणि कचरा स्वतः घेऊन जाणार ना. काकूंनी उद्देशाच्या रकान्यात ‘शेजाऱ्यांचा स्नेहमेळावा’ लिहिलं. समुद्राच्या दृष्टीनं पाहिलं तर सगळे शेजारीच, म्हणाल्या.

शनिवारी खरोखर ऊन पडलं. सकाळपासून काकू सभागृहाच्या स्वयंपाकघरात होत्या. ग्योतोकूतल्या सहा-सात मराठी बायका मदतीला आलेल्या, कुणी माशाची कटलेटं, कुणी बटाटेवडे, आणि काकूंच्या हाताखाली साहेबांच्या बेटावरचं नारळाच्या दुधातलं मासळीचं कालवण. हे कालवण एकोणीस वर्षांत बेटाचं किती उरलं होतं आणि केळव्याचं किती झालं होतं, यावर साहेब आणि काकूंचा दरवर्षी वाद व्हायचा. काकांना स्टेशनवर उभं केलं होतं. हातात फलक धरायचा नाही, फलक म्हणजे कागद. म्हणून हातात सोललेला नारळ. नारळ धरलेल्या गृहस्थांना विचारा, असं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

मी दाराशी टेबल घेऊन बसले होते. जपानमध्ये कुठल्याही समारंभाला दारात असं टेबल असतं आणि पाहुणे वहीत नाव लिहून आत जातात. मी वही मांडली होती. काकू येऊन ती शांतपणे उचलून घेऊन गेल्या.

दोन वाजले. कुणी नाही. सव्वादोन. साहेब शिंपल्यांची माळ घालून खोलीच्या मधोमध उभे होते, हात पाठीमागे, शाळेच्या दाराशी मुलांची वाट बघत असल्यासारखे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकूंनी मला विचारलं की आज पक्षी आहेत ना, आणि मी हो म्हणून मान हलवली, मला काय माहीत असणार.

दोन वीसला पहिला पाहुणा आला, आणि तो काचेखालच्या फॅक्सवाल्या देशाचा होता. त्यांचा सगळा दूतावास आला, म्हणजे दोघं नवरा-बायको. मग एक बाई आल्या, म्हणाल्या इथून सहजच जात होते. ग्योतोकूमधून सहज कुणी कुठे जात नाही. मग दोघं, मग चौघं. एक वृद्ध राजदूत काकांच्या हातातला नारळ स्वतः घेऊन आले. आणि मग तो लाल कानांचा तरुण सचिव आला, गळ्यात भली मोठी दुर्बीण. मला म्हणाला, मी पक्षी बघायला आलो होतो. त्याच्या मागे आणखी तीन जण होते आणि तिघांच्याही गळ्यात दुर्बिणी. त्यातल्या एकाच्या दुर्बिणीला दुकानाची चिठ्ठी अजून लटकत होती.

तीन वाजेपर्यंत मी एकतीस मोजले. खोली गजबजली. कुणी पंतप्रधानांचं नाव काढलं नाही, कुणी कर्नलचं नाही. सगळे साहेबांपुढे रांगेत येत होते, हात हातात घेत होते आणि अभिनंदन करत होते. कशाबद्दल, ते न सांगता. दुर्बीणवाल्यांनी वडे संपवले. साहेब काकूंना खिडकीतून ओरडून सांगत होते की कालवणात हळद पडली आहे, हे आमचं नाही, आणि ताटली पुन्हा पुढे करत होते.

तेवढ्यात मंत्रालयातले अधिकारी आले. सुट्टीचा स्वेटर, हातात फळांची पेटी. दारातच थांबले आणि टेबलावर वही शोधू लागले. वही नव्हती. त्यांनी भिंतींकडे पाहिलं. फलक नव्हता. खुर्च्यांवर नावं नव्हती. त्यांनी सावकाश सगळी खोली न्याहाळली, दुर्बिणी पाहिल्या, शिंपल्यांची माळ पाहिली, आणि मग वाकून, अतिशय हळू आवाजात मला विचारलं. सोमवारी त्यांना वर कळवायचं होतं. कागदावर तर काही दिसत नाही. मग हा कार्यक्रम नेमका कुणाचा, आणि ही मंडळी कुणाच्या बोलावण्यावरून आली, असं त्यांनी लिहावं?

जपानीत बोलले होते, पण त्या खोलीत जपानी सगळ्यांना कळत होतं. जवळचे बोलायचे थांबले, मग त्यांच्या मागचे. साहेबांनी ताटली खाली ठेवली.

पुढचं एका वाक्यात सांगते. साहेब कुठेही गेले नाहीत, सव्वा वर्षानं त्यांच्या देशात पुन्हा निवडणूक झाली, ते स्वतः तिकीट काढून बहिणीला भेटायला गेले, आणि काकू त्याच वर्षी काकांना घेऊन केळव्याला परतल्या. आता तिथून मला नारळाचे फोटो पाठवतात. पण काकू म्हटलं की मला दिसतात त्या त्या दुपारच्या खिडकीतल्या. अंबाड्यात पेन्सिल, हातात पळी, पळीतून कालवण ओट्यावर ठिबकतंय. त्यांना नुसतं “राऊत-सान” म्हणायची खोटी, त्यांनी येऊन सगळं आवरलं असतं. मी तशी मान वळवलीही. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, एकोणीस वर्षांत जे त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं, ओठ घट्ट मिटून उभ्या राहिल्या.

मी खुर्चीवरून उठले. मागे दुर्बीणवाला तरुण आपल्या बुटांकडे बघत होता. मी वाकून नमस्कार केला, साहेबांकडे हात केला आणि खोलीतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

“आज यांच्या देशाचा राष्ट्रीय दिन आहे. यजमान आमचे राजदूत आहेत. सगळे त्यांच्याच बोलावण्यावरून आलेत. तुम्हीसुद्धा.”